टिंबांचा हिशेब

वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाहून तहसीलीत आलेला एक साधा कागद घ्या. वर ‘अर्ज’ लिहिलेलं असतं. मग मौजा अमुक, तहसील अमुक, जिल्हा वर्धा, तारीख, आणि सगळ्यांत खाली सही. गावांची नावं सोडली तर या कागदाचा सगळा सांगाडा अरबी आहे. आणि यातला एकही शब्द मूळ अरबीत आपण लिहितो तसा नाही. अर्जाच्या सुरुवातीला ‘ऐन’ हे अरबी अक्षर आहे आणि शेवटी ‘जाद’. मौजात जाद आहे आणि त्यामागे ऐन. तहसीलीत घशातून येणारा मोठा ‘हे’ आहे, त्याला लागून ‘साद’ आहे. तारखेत हमजा दडलेला आहे. सही म्हणजे मुळातलं ‘सहीह’, त्यात साद एक आणि मोठे ‘हे’ दोन. जिल्हा या शब्दाचा मूळ अर्थ बरगडी, म्हणजे शरीराची एक बाजू. तो जादनं सुरू होतो आणि ऐननं संपतो.

मराठीनं हे सगळे शब्द सुखेनैव पचवले. आपल्या कानाला तीन वेगळे ‘स’, चार वेगळे ‘ज’, दोन वेगळे ‘ह’ नको होते, म्हणून आपण ते ठेवले नाहीत. ऐन तर पार गळून गेला. जमा, दावा, माफ या शब्दांत तो होता, हे आज कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. यात काही चुकलं असं मी मानत नाही. शब्द घरात आला की तो घरच्या चालीनं बोलणारच. पण आर्वीचा किंवा हिंगणघाटचा एखादा विद्यार्थी इतिहासाच्या प्रबंधात याच शब्दांची मूळ रूपं रोमन लिपीत, खुणांसह द्यायला बसतो, तेव्हा हा पचलेला हिशेब पुन्हा उलगडावा लागतो. डी खाली टिंब, एच खाली टिंब, ए वर आडवी रेघ, आणि ऐनसाठी ओळीच्या वर टांगलेलं एक चिमुकलं अर्धवर्तुळ. यातली एकही खूण कळपाटावर नाही. ही पुस्तिका त्या विद्यार्थ्यासाठी आहे. त्याचा प्रबंध ज्या दुकानात टाइप होतो, तिथल्या डीटीपी करणाऱ्या माणसासाठीही आहे.

पहिला प्रश्न सगळे विचारतात तोच: या टिंबांची गरज काय? अलीम हा शब्द बघा. ऐननं सुरू झाला तर त्याचा अर्थ सर्वज्ञ, आणि साध्या अलिफ-हमजानं सुरू झाला तर वेदना देणारा. सुरुवातीचं अर्धवर्तुळ गाळलं की देवाचं विशेषण आणि नरकाचं विशेषण एकच होऊन बसतं. सवाब ‘से’नं लिहिला तर पुण्य, सादनं लिहिला तर योग्य. नजीर अकबराबादी हा कवी आणि डेप्युटी नजीर अहमद हे कादंबरीकार आपल्याकडे एकाच नावानं ओळखले जातात. पण कवीचा नजीर ‘जोय’नं लिहितात आणि त्याचा अर्थ तोडीस तोड असा. कादंबरीकाराचा ‘जाल’नं लिहितात आणि त्याचा अर्थ सावध करणारा. खुणा शोभेसाठी नसतात. रोमन रूपावरून मूळ अक्षरापर्यंत परत जाता यावं, यासाठी त्या असतात. खूण गेली की परतीची वाट बंद होते. उच्चार नेमका सांगणं हे लिप्यंतराचं काम नव्हे. उच्चार गावोगाव बदलतो, कागदावरचं अक्षर बदलत नाही.

ही वाट बांधायचे प्रयत्न जुने आहेत. कलकत्त्यात १७८४ साली एशियाटिक सोसायटी स्थापन करणाऱ्या विल्यम जोन्स यांनी तिच्या संशोधन-ग्रंथमालेच्या पहिल्याच खंडात, १७८८ साली, पूर्वेकडचे शब्द रोमन लिपीत कसे लिहावेत यावर लेख लिहिला. दीर्घ स्वरावर ते तिरकी रेघ देत. पुढची शंभर वर्षं प्रत्येक कोशकाराची आणि प्रत्येक छापखान्याची आपापली पद्धत होती. १८९४ साली जिनिव्हात भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेनं संस्कृत आणि अरबी या दोन्हींसाठी पद्धती सुचवल्या, आणि आज वापरात असलेल्या बहुतेक पद्धतींची मुळं तिथं पोचतात. १९३५ साली रोमच्या परिषदेत जर्मन विद्वानांनी मांडलेली पद्धत पुढे १९८२ साली जर्मनीची अधिकृत मानक पद्धत झाली. तिचा नियम कडक आहे: एका अरबी अक्षराला एकच रोमन अक्षर, जोडअक्षर नाही. त्यामुळे ‘खे’साठी एच खाली चंद्रकोर येते आणि ‘शीन’साठी एस वर उलटी टोपी. अमेरिकी ग्रंथालयांची पद्धत याबाबतीत सैल आहे. ती के-एच, एस-एच अशी जोडअक्षरं चालवून घेते, म्हणून वाचणाऱ्याला सोपी जाते. लायडनहून निघालेल्या इस्लामच्या ज्ञानकोशानं तिसरीच वाट धरली. तिथं ‘जीम’साठी डी आणि जे एकत्र येतात आणि ‘काफ’साठी के खाली टिंब. नव्या आवृत्तीत ज्ञानकोशानंही ही खोड सोडली. संगणकाच्या लोकांनी तर खुणाच हद्दपार केल्या. टिम बकवॉल्टर यांच्या पद्धतीत प्रत्येक अरबी अक्षराला साध्या कळपाटावरचं एक चिन्ह आहे, लहान-मोठ्या एसलासुद्धा वेगवेगळा अर्थ. यंत्राला ती उत्तम कळते, माणसाला वाचवत नाही. आणि आखातात नोकरीला गेलेल्या आपल्या पोरांनी व्हॉट्सॲपवर पाहिलेली एक पद्धत आहे, तिच्यात ऐनसाठी इंग्रजी ३ चा आकडा आणि मोठ्या ‘हे’साठी ७ चा. आकडे आकारावरून उचललेले आहेत, आणि गंमत म्हणजे अरबी जाणणाऱ्याला त्यातून मूळ अक्षर अचूक सापडतं. विद्वानांच्या कित्येक अर्धवट लिप्यंतरांपेक्षा मला ही पद्धत प्रामाणिक वाटते.

आपल्याकडची परंपरा नागरीतली. मोल्सवर्थच्या कोशानं १८३१ साली आणि मग १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्द अरबी की फारसी हे एकेका अक्षरानं कंसात नोंदवलं. शब्दाचं कुळ कळलं, पण मूळ लेखन नव्हे. १९२५ साली पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळानं माधवराव पटवर्धनांचा फार्शी-मराठी कोश काढला. हेच पटवर्धन म्हणजे कवी माधव जूलियन. शिवकालीन कागद वाचणाऱ्याला हा कोश आजही हाताशी लागतो. सेतुमाधवराव पगडींनी मोगलांची फारसी साधनं मराठीत आणली ती याच वाटेनं. हिंदीनं नुक्ता स्वीकारला: क, ख, ग, ज, फ यांखाली टिंब. मराठीनं तो घेतला नाही. आपण ‘जमीन’ आणि ‘जग’ यांतले ज वेगळे उच्चारतो आणि सारखे लिहितो, वर कोर्टातल्या नाझराला मात्र झ देतो. नुक्त्यानंही सगळं भागत नाही, ही गोष्ट हिंदीवाले सहसा बोलत नाहीत. जखाली एक टिंब दिलं की जाल, जे, जाद आणि जोय हे चारही एकाच टिंबाखाली गोळा होतात. स ला तर नुक्ताच नाही. ‘कुराण’ न लिहिता ‘कुरआन’ लिहिणारा मधला आ सुटा ठेवून हमजा दाखवतो, आणि नागरीत याहून जास्त काही साधत नाही. म्हणून प्रबंधात रोमन खुणा लागतात. नागरीला कमी लेखायचं म्हणून नव्हे.

हे सगळं वर्ध्यात बसून लिहावं यात एक औचित्य आहे. लिपी आणि यंत्र यांची झटापट या गावानं पूर्वीही पाहिली आहे. १९३५ साली इंदूरच्या हिंदी साहित्य संमेलनात गांधीजी अध्यक्ष होते. तिथं काका कालेलकरांच्या पुढाकारानं लिपी सुधारणेचं काम सुरू झालं. पुढच्या वर्षी वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती आली. इ, ई, उ, ऊ ही वेगळी अक्षरं टाकून अ लाच वेलांटी आणि उकार लावायचे, म्हणजे अि, अी, अु, अू, हा त्या सुधारणेचा गाभा. टंकयंत्राच्या कळा आणि छापखान्याचे खिळे वाचावेत हा तिचा एक मोठा हेतू. सेवाग्राम-पवनारची जुनी छापील पानं चाळली की हे ‘अि’ अजून भेटतात. १९४२ च्या मे महिन्यात गांधीजींनी वर्ध्यातच हिंदुस्तानी प्रचार सभा स्थापन केली आणि नागरी व उर्दू या दोन्ही लिपी शिकण्याचा आग्रह धरला. याच आग्रहापायी १९४५ साली ते हिंदी साहित्य संमेलनातून बाहेर पडले. पवनारच्या आश्रमात विनोबांनी मूळ अरबीतून कुराणाचा अभ्यास केला, आणि निवडक आयतांचं त्यांचं संकलन ‘रूहुल कुराण’ म्हणून निघालं. १९९७ साली इथं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय सुरू झालं, तिथं अनुवाद आणि भाषा-तंत्रज्ञान शिकवलं जातं. एका पिढीनं यंत्रासाठी लिपी वाकवून पाहिली. आता यंत्रच हवं तसं वाकतं, फक्त कुठली कळ दाबायची ते ठाऊक हवं.

जिल्ह्यात काम कमी नाही. समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. आष्टीत नियाझी सरदारांचे मकबरे आहेत, मोगल अमदानीतले. मालगुजारीचे जुने कागद आहेत, वक्फाच्या नोंदी आहेत. यांवर लिहिताना पाच जणांनी पाच तऱ्हेनं नावं लिहिली तर पाच वेगळी माणसं तयार होतात. पूर्वी हा घोळ पुस्तकाच्या पानात राहत असे. आता तो शोधयंत्रात उतरतो. अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’चं दिल्लीतलं कार्यालय १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं, मराठीही, खुणांसह रोमन लिपीत नोंदवत आलं आहे. आपल्या संशोधकानं दिलेलं रूप त्या नोंदीशी जुळलं, तर जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या वाचकाला ते सापडतं.

आता मुख्य अडचण. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी प्रबंध टंकलिखित होत आणि टिंबं मागाहून पेनानं दिली जात. एखाद्या पानावर पेन चुकला की संपलं. खिळ्यांच्या छपाईत टिंबाचं प्रत्येक अक्षर वेगळं ओतावं लागे, म्हणून लहान छापखाने या भानगडीत पडतच नसत. संगणक आला आणि वाटलं सुटलो. पण आपल्याकडे तो आला कृतिदेव, श्री-लिपी, आकृती घेऊन. या फाँटांत नागरी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्याच जागी बसवलेली असतात. मजकुरात मधेच रोमन शब्द आला की फाँट बदला, पुन्हा परत या. शेवटी कुणीतरी कंट्रोल-ए करून सगळा मजकूर एका फाँटात ओढला की सगळी रोमन नावं नागरी चिखलात बुडतात. माझ्याच एका लेखाचं असं झालं. एका दुकानात टाइप करून घेतला, नीट तपासला, आणि छापून आला तेव्हा जिथं जिथं ऐन होता तिथं तिथं रिकामा चौकोन. सत्तावीस चौकोन मोजले मी. दुकानदार म्हणाला, ‘सर, आमच्या मशीनवर बरोबर दिसत होतं.’ ते खरंही होतं. ज्या फाँटात त्यानं ते चिन्ह टाकलं, तो फाँट छापणाऱ्याकडे नव्हता, आणि चिन्हाला स्वतःचा क्रमांक नव्हता, फक्त त्या फाँटातली जागा होती.

युनिकोडनं नेमकी हीच गोष्ट बदलली. १९९१ पासून जगातल्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक मिळत गेला. फाँट कुठलाही असो, क्रमांक तोच. वर्डमध्ये ०१०१ टाइप करा (आकडे इंग्रजी कळांचेच हवेत), मग ऑल्ट धरून एक्स दाबा, आणि ए वर आडवी रेघ येते. १-ई-६-३ साठी एस खाली टिंब, १-ई-२-५ साठी एच खाली टिंब. पुन्हा ऑल्ट-एक्स दाबलं की अक्षराचा क्रमांक दिसतो, म्हणजे दुसऱ्यानं टाकलेली खूण खरी की बनावट हेही तपासता येतं. लिबर ऑफिसमध्ये हीच युक्ती चालते. एक खोच आहे. हे क्रमांक सोळाच्या पायावरचे, त्यांत ए ते एफ हीसुद्धा अंकांचीच अक्षरं. त्यामुळे ‘आदाब’ लिहिताना डी नंतर लगेच ०१०१ टाइप केलं, तर वर्ड त्या डी लाही संख्येत ओढून घेतं आणि भलतंच काही समोर येतं. अशा वेळी फक्त चार आकडे निवडून मग ऑल्ट-एक्स दाबायचं. सगळी पुस्तकं ऑल्ट-एक्स शिकवतात. ही खोच मला या पुस्तिकेतच पहिल्यांदा लिहिलेली दिसली.

दुसरा सापळा ऐन आणि हमजाचा, आणि तोच सगळ्यांत जास्त लोकांना गिळतो. दोन्ही अर्धवर्तुळं अवतरणचिन्हासारखी दिसतात, म्हणून बहुतेक जण अवतरणचिन्हच दाबतात. वर्ड शहाणपणा करतं. शब्दाच्या सुरुवातीला ते चिन्ह उघडतं, मधे किंवा शेवटी आलं तर मिटतं. म्हणजे ‘अली’मधला ऐन एका तोंडाचा आणि ‘जमा’मधला दुसऱ्या तोंडाचा. अक्षर एक, चिन्हं दोन, आणि त्यांतलं एक तर हमजाचं. शिवाय अवतरणचिन्हापाशी संगणक शब्द तोडतो, त्यामुळे शोधताना नाव सापडत नाही आणि सूची लावताना गडबड होते. युनिकोडमध्ये या दोघांसाठी वेगळी अक्षरं आहेत, हमजासाठी शून्य-दोन-बी-ई आणि ऐनसाठी शून्य-दोन-बी-एफ. संगणक त्यांना अक्षरच मानतो आणि शब्द अखंड राहतो.

तिसरी गोष्ट नागरीवाल्याला लवकर कळेल. एस खाली टिंब दोन तऱ्हेनं येतं: आयतं एक अक्षर म्हणून, किंवा आधी एस आणि मग ०३२३ हे सुटं टिंब. दिसायला दोन्ही सारखी. दुसरी तऱ्हा म्हणजे आपली बाराखडीच, अक्षराला मागून काना-मात्रा लावण्यासारखी. पण एकाच प्रबंधात दोन्ही मिसळली की शोध अर्धाच होतो. पुस्तिका आयत्या अक्षरांचा आग्रह धरते, आणि तो बरोबर आहे. टिंब नीट बसवणारे फाँट आज फुकट मिळतात. जेंटियम आहे, आणि नागरीसकट हवा असेल तर आयआयटी मुंबईचा शोभिका. पेजमेकरवर अडून बसलेल्यांना मात्र काही उपाय नाही. त्याला युनिकोड कळतच नाही.

पुस्तिकेचा कर्ता व्यवसायानं डीटीपी करणारा आहे. अरबी तो दुकानात बसूनच शिकला, चुकत चुकत. म्हणून त्यानं तीनच कामं हाती घेतली आहेत: एक पद्धत निवडणं, ती हाताला बसवणं, आणि छापखान्यापर्यंत शाबूत पोचवणं. अरबी व्याकरण, अरबी लिपीतच टाइप करताना उजवीकडून डावीकडे आणि उलट जाणारा मजकूर, ही प्रकरणं त्यानं दोन पानांत आटोपली आहेत. पद्धत म्हणून त्यानं अमेरिकी ग्रंथालयांची निवडली. मला जर्मन अधिक तर्कशुद्ध वाटते. पण विद्यार्थ्याला परदेशी ग्रंथालयांच्या सूचीशी जुळवून घ्यायचं असतं, हे त्याचं म्हणणं मी मान्य केलं.

एका गोष्टीवर मात्र आमचं अजून जमलेलं नाही. त्यानं शेवटच्या सरावाला एक ओळ दिली आहे: तहसील आष्टी, जिल्हा वर्धा. ही ओळ खुणांसह रोमन लिपीत लिहून पाहा. तहसीलीतल्या साद साठी एस खाली टिंब. आष्टीतल्या ष साठीही एस खाली टिंब, कारण संस्कृतच्या पद्धतीत तेच चिन्ह ष चं आहे. गिरड घेतलं तर शेवटच्या ड ला डी खाली टिंब, आणि जिल्ह्यातल्या जाद लाही तेच. मोठा ‘हे’ आणि विसर्ग यांचंही तसंच. एकाच ओळीत एकच टिंब दोन वेगळ्या भाषांचा वेगवेगळा माल सांगतं. माझं म्हणणं, गावांची नावं रोमन मजकुरातही नागरीतच ठेवावीत. तो म्हणतो, परदेशी वाचकाला नागरी येत नाही, तेव्हा गावांची नावं बिनखुणांची लिहावीत आणि प्रबंधाच्या सुरुवातीला तसं सांगून टाकावं. पुस्तिकेत त्याच्या पद्धतीनं छापलं आहे. माझी पद्धत करून पाहायची असेल, तर ती सरावाची ओळ पानाच्या तळाशी कोरी सोडलेली आहे.